तीन ठिपक्यांचा रेडिएटर

ती घटना आठवण्यासाठी मला डायरी उघडावी लागत नाही. उलट डायरी उघडली की ती घटना तिच्यात अर्धीच सापडते, आणि हे लिहिण्याचे कारण तेच आहे. कागदोपत्री ते प्रकरण माझ्या नावावर जमा आहे. वाढीव एस्टिमेट देणारा गॅरेजवाला पकडला, विमा कंपनीची फसवणूक उघड केली, वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिले. ते आमच्या बैठकीच्या खोलीत बरीच वर्षे टांगलेले होते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी ते उतरवले. बायकोने विचारले, "काच फुटली का?" मी म्हटले, "काच ठीक आहे. मजकूर खोटा आहे."

मी जन्माने बडोदेकर. मांडवीजवळच्या एका गल्लीत वाढलो. घरात मराठी, ठाण्यात गुजराती, असेच आयुष्य गेले. त्या वेळी मी पोलीस इन्स्पेक्टर होतो आणि माझ्या ठाण्याच्या हद्दीत हरणीकडच्या नव्या सोसायट्या येत होत्या. सोसायट्या वाढल्या तशा गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या तसे किरकोळ अपघातही वाढले. कोणाला खरचटलेलेही नसायचे, पण दोन्ही पक्ष तावातावाने ठाण्यात यायचे. एक म्हणायचा, याने आंधळ्यासारखी घातली. दुसरा म्हणायचा, याने इंडिकेटरच दिला नाही. रोज तीच भांडणे ऐकून माझे डोके उठायचे.

त्यावर मी एक पद्धत बसवली होती. दोघांना बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "एस्टिमेट आणा." गॅरेजवाल्याने खर्चाचा कागद दिला की ज्याची चूक दिसते त्याने तो आकडा भरायचा, समाधानपत्रावर सह्या करायच्या आणि घरी जायचे. गुन्हा नाही, कोर्ट नाही. माझ्या ठाण्यातली अपघाताची प्रकरणे वर जात नाहीत, याचा मला अभिमान होता. एस्टिमेट कोणी बनवले आणि खरे आहे का, हे तपासायला मी एकदाही उठलो नाही. छापील कागद आणि त्यावर गोल शिक्का असला की माझ्या दृष्टीने ते सत्य असायचे.

हे एस्टिमेट बहुधा एकाच गॅरेजचे असायचे. कारण अपघातातली गाडी उचलायला क्रेन लागायची, आणि क्रेन त्याच गॅरेजवाल्याची होती. फोन केला की अर्ध्या तासात हजर. आमची सरकारी जीपही त्याच्याकडेच जायची. जीपच्या दुरुस्तीची मंजुरी वरून येईपर्यंत दोन-तीन महिने जात, आणि तोवर गस्त काय पायी घालायची? गॅरेजवाला जीप घेऊन जायचा आणि संध्याकाळी पुसून आणून उभी करायचा. पैशांचे विचारले की दोन्ही हात जोडायचा, "साहेब, सेवा छे." मी चहा मागवायचो आणि विषय तिथे संपायचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठवडा उरला होता. शाळेच्या मुलांची ने-आण करणारा एक व्हॅनवाला हरणीच्या वळणावर एका मोठ्या गाडीला धडकला. मुलांच्या या ने-आणीला बडोद्यात वर्धी म्हणतात. मुले उतरवून तो रिकामा परतत होता, त्यामुळे कोणाला काही झाले नाही. चूक त्याचीच होती आणि त्याने ती लगेच मान्यही केली. समोरच्या गाडीचा पुढचा बंपर आणि एक हेडलाइट फुटला होता. गाडीमालक सभ्य होता, चढ्या आवाजात बोललासुद्धा नाही. क्रेन आली, गाडी गॅरेजमध्ये गेली. व्हॅन मी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. तिसऱ्या दिवशी एस्टिमेट आले. बंपर, हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, पंखा आणि शेवटी "इतर". एकूण अडुसष्ट हजार.

व्हॅनवाला मराठीच, पण तीन पिढ्या बडोद्यात काढलेला. त्याने कागद दोनदा वाचला.

"साहेब, एवढा धक्का नव्हता ने. पाणी पण नाही गळलं खाली. मग रेडिएटर कसा गेला?"

"ते मला विचारतोस? गॅरेजवाला सांगेल."

"कंइक ओछं करा ने साहेब, थोडं तरी कमी. तुम्ही बोललात तर तो ऐकेल."

"मग गुन्हा दाखल करू? व्हॅनचं पासिंग दाखव आधी."

त्याने एस्टिमेटची घडी घातली. व्हॅन खासगी नंबरची होती. त्यात भाड्याने मुले नेण्याची परवानगी नव्हती. गुन्हा नोंदवला असता तर व्हॅनच्या विमा कंपनीने हात वर केले असते आणि व्हॅन आरटीओने अडकवली असती. त्याची ही दुखरी जागा मला पहिल्या मिनिटातच कळली होती आणि मी तिच्यावरच बोट ठेवले. जून महिन्यात शाळा उघडायच्या आत व्हॅन सुटली नाही तर पालक दुसरी वर्धी लावणार, आणि एकदा मुले गेली की परत येत नाहीत, हे त्याने मला तीन वेळा सांगितले. मी तिन्ही वेळा मान हलवली आणि समोरच्या फाइलीत पाहिले.

चार-पाच दिवसांनी त्याचा शेजारी आला. साठीच्या पुढचा, जळगावकडून तरुणपणी आलेला, कोयलीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेला. हातात प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, तिच्यात अर्ज.

"नमस्कार साहेब. बाहेर पाटीवर नाव वाचलं. म्हटलं, आपलाच माणूस आहे."

"इथे आपला-परका नसतो. काम बोला."

"तेच म्हणतो मी. नसावा." असे म्हणून ते न सांगताच खुर्चीवर बसले.

त्यांचे म्हणणे असे होते. आदल्या वर्षी सिग्नलला त्यांच्या छोट्या गाडीला कोणीतरी ठोकले होते आणि तीही आमच्याच सांगण्यावरून त्याच गॅरेजमध्ये गेली होती. तिचा रेडिएटर बदलला. जुना परत मागितला तर भंगारात गेला म्हणून सांगितले. आता शेजाऱ्यासाठी ते गॅरेजमध्ये गेले आणि म्हणाले, त्या मोठ्या गाडीतून काढलेला फुटका रेडिएटर दाखवा. गॅरेजमधल्या माणसाने मागच्या फळीवरून एक काढून दाखवला. तो फिटरकाकांच्या स्वतःच्या गाडीचा होता.

"कशावरून?" मी विचारले.

त्यांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोची छापील प्रत पुढे केली. रेडिएटरच्या कडेच्या पट्टीवर लोखंडी पंचने मारलेले तीन बारीक ठिपके होते.

"कारखान्यात शटडाउनला शेकडो भाग एकदम उघडतात. कोणता कशाचा हे कळायला हवं, म्हणून उघडायच्या आधी खूण करायची. ती सवय जात नाही. घरचा मिक्सर दुरुस्तीला दिला तरी मी आधी तीन ठिपके मारतो. बायको हसते."

"काका, ठिपके कोणीही मारू शकतं."

"तीन? त्रिकोणात? आणि वरचा थोडा उजवीकडे सरकलेला? माझा हात चौतीस वर्षं तसाच सरकतोय साहेब. सुपरवायझर ओरडून ओरडून रिटायर झाला."

मला हसू यायला हवे होते. आला तो कंटाळा. दारात दोन पक्ष भांडत होते, दुपारी बंदोबस्ताची मीटिंग होती, आणि हा मनुष्य मला एका फळीवरचा फुटका रेडिएटर बघायला चला म्हणत होता. गॅरेज ठाण्यापासून दहा मिनिटांवर होते. मी गेलो नाही. फोटो घेतला, अर्ज घेतला आणि ते बाहेर पडताच अर्जावर शेरा मारला: दफ्तरे. म्हणजे चौकशीची गरज नाही, फाइल बंद.

ते आणखी तीन वेळा आले. जमादार दारातूनच सांगायचा, "साहेब, त्रण टपकांवाळा काका आव्या." सगळे ठाणे हसायचे. शेवटच्या वेळी मी त्यांना भेटलोच नाही. आत बसून होतो.

मे महिन्याच्या अखेरीस व्हॅनवाला हरला. त्याने व्हॅन पादऱ्याकडच्या एका भाजीवाल्याला विकली, अडुसष्ट हजार गॅरेजमध्ये जमा केले आणि समाधानपत्रावर सही केली. त्या कागदाचा मजकूर आमच्याकडे ठरलेलाच असे: "कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने." सही झाल्यावर त्याने माझ्याकडे पाना मागितला. व्हॅनमध्ये त्याने मुलांच्या पाण्याच्या बाटल्या अडकवायला चौदा हूक बसवले होते. भाजीवाल्याला त्यांचा उपयोग नव्हता. आवारात, उन्हात, तो एकेक हूक काढून रुमालात ठेवत होता. भाजीवाला खोळंबला होता. मी खिडकीतून ओरडलो, "किती वेळ? आवार रिकामं कर." हे वाक्य मला पाठ आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरून पत्र आले. एका विमा कंपनीने तक्रार केली होती की आमच्या हद्दीतल्या एका गॅरेजने वेगवेगळ्या सात गाड्यांच्या दाव्यांत फुटक्या रेडिएटरचा फोटो जोडला आहे आणि सातही फोटोंत रेडिएटर एकच दिसतो. सोबत फोटोंच्या प्रती होत्या. मी टेबलाचा खण उघडला, फिटरकाकांचा फोटो काढला आणि बाजूला ठेवला. सातही प्रतींत कडेच्या पट्टीवर तीन ठिपके. वरचा थोडा उजवीकडे.

त्या क्षणी मला आनंद झाला, हे कबूल करतो. लाज वाटायला हवी होती. ती पुष्कळ नंतर आली. तयार केस हातात होती.

सातांमधली एक गाडी हरणीच्या त्याच सभ्य गृहस्थांची निघाली. मी त्यांच्याकडे गेलो आणि बॉनेट उघडायला सांगितले. आत मूळचाच रेडिएटर होता. त्याच्या जाळीत अनेक वर्षांची धूळ आणि मेलेले किडे जसेच्या तसे होते. बॉनेटही जुनेच, फक्त नवा रंग मारलेला. बदलला होता तो बंपर आणि एक हेडलाइट.

"आपल्या कधी लक्षात आलं नाही?" मी विचारले.

"साहेब, मारो तो एक रुपियोय नथी गयो," ते शांतपणे म्हणाले. "विमा कंपनीए आप्या. अने दरवाजा पर जूना लिसोटा हता, ए पण एणे मफतमां काढी आप्या."

म्हणजे स्वतःचा रुपयाही न जाता दारावरचे जुने ओरखडे फुकटात गेले, एवढ्यात ते खूश. व्हॅनवाल्याने त्याच गाडीसाठी पुन्हा अडुसष्ट हजार भरले आहेत, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "ए तो पोलीस स्टेशननुं मेटर हतुं ने?" ते ठाण्यात ठरले होते, त्यांनी का विचारावे? मी बॉनेट खाली ओढून बंद केले. गाड्यांच्या धंद्यात सराईत बदमाश फार थोडे असतात. बाकीचे फक्त बॉनेट उघडून पाहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन गॅरेजवर गेलो. मागच्या फळीवर तो रेडिएटर होता. शेजारी एक फुटका हेडलाइट, एक वाकडा पंखा. तिन्ही वस्तू पुसून ठेवलेल्या, देव्हाऱ्यातल्या देवांसारख्या. गाडी आली की फोटोपुरते त्यांना खाली उतरवायचे. पंचनामा केला, वस्तू मुद्देमालात घेतल्या, गॅरेजवाल्याला ठाण्यात आणले.

त्याने फार वेळ घेतला नाही. विमा कंपनीचे सर्व्हेअर गाडी पाहायला येत नाहीत, फोटोवर काम चालते, सगळेच असे करतात, असे तो सांगत गेला. रायटर जबाब लिहीत होता. मग मी विचारले, "एकाच गाडीचे पैसे कंपनीकडूनही घेतलेस आणि व्हॅनवाल्याकडूनही. कसे?"

त्याने माझ्याकडे खरोखर नवलाने पाहिले.

"साहेब, व्हॅनवाळाना पैसा तो तमारी जीपमां गया. क्लच, बे टायर, नवी बॅटरी. तमने शुं लाग्युं, ए बधुं क्यांथी आवतुं हतुं?"

रायटरचे पेन कागदावर चालत होते. मी म्हटले, "पेन ठेव."

त्याने पेन ठेवले. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता आणि कोणी तो दाबून धरत नव्हते. गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावर मला भीती अपेक्षित होती. दिसली ती सुटका. त्याला माझ्याआधी कळले होते की आता या खोलीत आम्ही दोघे एका बाजूला आहोत. मी तो कागद फाडला आणि नवा घ्यायला सांगितले. नव्या कागदावर फक्त विमा कंपनीचे दावे आले.

व्हॅनवाला प्रकरणात आला असता तर समाधानपत्र आले असते, समाधानपत्राबरोबर माझे ठाणे, आणि ठाण्याबरोबर जीप. म्हणून तो आला नाही. फिटरकाकांचा दफ्तरे केलेला अर्ज आला असता तर मी महिनाभर काय करत होतो, हा प्रश्न आला असता. म्हणून तोही आला नाही. एफआयआरमध्ये मी लिहिले, "खासगी राहे मिळालेल्या बातमीवरून." चार वेळा पायऱ्या चढून आलेल्या माणसाची मी अशी निनावी बातमी करून टाकली.

वर्तमानपत्रात छापून आले. फिटरकाका पाचव्यांदा आले. या वेळी बसले नाहीत.

"वाचलं साहेब. छान झालं. आमच्या शेजाऱ्याचं काय?"

"त्याचं समाधान झालेलं आहे. लेखी आहे."

"हो, तेही वाचलं. राजीखुशीने." मग म्हणाले, "बरं, माझा रेडिएटर तरी परत मिळेल?"

"मुद्देमाल आहे तो. केस संपेपर्यंत नाही."

"म्हणजे आधी त्याच्या फळीवर होता, आता तुमच्या." आणि ते निघून गेले.

विमा कंपनीला तिचे पैसे मिळाले. गॅरेजवाल्याला जामीन मिळाला आणि सहा महिन्यांत नव्या पाटीखाली तेच गॅरेज सुरू झाले. मला प्रशस्तिपत्र मिळाले. व्हॅनवाल्याची चौदा मुले दुसऱ्याच्या वर्धीत गेली.

निवृत्तीनंतर माझी मुलगी हरणीच्या एका सोसायटीत राहायला गेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराने वही पुढे केली. तो व्हॅनवालाच होता. त्यानेही ओळखले. नमस्कार केला, पेन दिले आणि म्हणाला, "नाव, नंबर, कोणाकडे जायचं. सगळं भरा ने साहेब, एक पण खानं रिकामं नाही चालत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, सोसायटीचा तो नियम होता. मी रकाने भरले. पुढची दोन वर्षे दर रविवारी भरले, आणि प्रत्येक वेळी तो फाडलेला कागद आठवला.

प्रशस्तिपत्र उतरवले त्या दिवाळीनंतर मी पोलीस आयुक्त कार्यालयाच्या नावे निवेदन लिहिले. जीप, क्लच, टायर, बॅटरी, समाधानपत्र, दफ्तरे केलेला अर्ज, फाडलेला कागद, सगळे. देण्याआधी ते घेऊन फाटकावर गेलो. त्याने उभ्या उभ्या वाचले.

"याच्याने व्हॅन मिळेल?"

"नाही. पैशांसाठी दावा करायचा झाला तर उपयोग होईल. मी साक्ष देईन. पण मिळतीलच असं सांगत नाही."

"गॅरेजवाळा तुमचं नाव घेईल."

"घेऊ दे. खरंच आहे ते."

त्याने कागद पुन्हा वरून वाचला. "एक काम करा. ते राजीखुशीने लिहिलंय ने, त्याचं पण लिहा. माझ्या मुलीने तो कागद वाचला होता. मला म्हणाली, पप्पा, तुम्हीच खुशीने दिली ने व्हॅन?"

मी तिथेच, त्याच्या खुर्चीवर बसून, एक ओळ वाढवली: समाधानपत्रातील 'दबावाशिवाय' आणि 'राजीखुशीने' हे शब्द माझे होते, सही करणाऱ्याचे नव्हते.

तिथून फिटरकाकांकडे गेलो. आता त्यांना कमी दिसते. त्यांनी नातीकडून सगळे वाचून घेतले आणि म्हणाले, "साहेब, इतका उशीर? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तोवर." मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळले नाही. नातीला म्हणाले, "पेन आण." कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी चाचपडत तीन ठिपके दिले. "आता तुमच्या ऑफिसात कोणी बदलला, तर कळेल."

नोकरीत मी चोरांना, खुन्यांना ओळखायला शिकलो. या प्रकरणाने शिकवले ते साधे आहे आणि तरी शिकायला मला निवृत्त व्हावे लागले. आपल्याला फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी भरत असते, आणि बहुधा तो माणूस आपल्याच समोरच्या बाकावर हात जोडून बसलेला असतो. त्याला पाहायला दहा मिनिटे लागतात. मी ती दिली नाहीत.

आयुक्त कार्यालयात आवक खिडकीवरच्या तरुण कारकुनाने निवेदन उलटसुलट केले, शिक्का उचलला आणि कोपऱ्यातल्या ठिपक्यांपाशी थांबला.

"काका, आ खूणामां टपकां शानां छे?"

मी म्हटले, "पहिल्या अर्जदाराची सही आहे. तिच्यावर शिक्का मारू नकोस."